वही तपासणारा कोणीतरी हवा

२०२१ सालची एक चित्रफीत अजूनही अधूनमधून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडते. कोणीतरी ती नव्याने पाहतो आणि पुढे पाठवतो. खालच्या प्रतिक्रियाही आता पाठ झाल्या आहेत. निम्मी मंडळी हात जोडतात आणि लिहितात, "गावाकडचा रँचो! सलाम!" उरलेली निम्मी म्हणतात, "आठवी शिकलेल्या माणसाने हेलिकॉप्टरच्या नादी लागावेच कशाला?" मी दोन्ही वाचते आणि मनातल्या मनात दोन्हींवर लाल शाईची खूण करते. तीस-बत्तीस वर्षे शाळेत घालवल्यावर ही सवय काही जात नाही. ग्रुपवर लांबलचक लिहिले तर भाचे-पुतणे वाचत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात सांगते. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तिथला शेख इस्माईल शेख इब्राहिम हा २४ वर्षांचा तरुण. गावात त्याला मुन्ना म्हणत. शाळा आठवीनंतर सुटलेली, हातात वेल्डिंगचे कसब. कपाटे, कूलर असली कामे करता करता त्याने हेलिकॉप्टर बनवायचे मनावर घेतले. इंटरनेटवरच्या चित्रफिती बघून, मारुती ८०० चे इंजिन वापरून, दोनेक वर्षे खपून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर उभे केले. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाचणीसाठी त्याने इंजिन सुरू केले. तो स्वतः आत बसला होता. शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि मोठ्या पंख्याचा फटका त्याच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही. यंत्र अजून जमिनीवरच होते.

आता मी बी.ए. मराठीची. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. पण आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. त्यांना मी विचारले, "पंख्याचे एक पाते तुटते म्हणजे एवढे काय होते?" ते म्हणाले, "गोफण पाहिली आहेस ना?"

मग त्यांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला. समजा एक किलो वजनाचे पाते आहे, त्याच्या वजनाचा मध्य दांड्यापासून पाऊण मीटरवर आहे आणि ते मिनिटाला ६०० फेरे घेते आहे. तर ते पाते बाहेरच्या बाजूला सुमारे ३०० किलो वजनाच्या ताकदीने ओढ घेत असते. म्हणजे ज्या बोल्टने किंवा वेल्डिंगने ते धरून ठेवले आहे, त्यावर तांदळाच्या पन्नास किलोच्या सहा गोण्या टांगल्यासारखे झाले. आणि असे पाते दीड मीटर लांब असेल तर त्याचे टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावते. हा हिशेब मी आमच्या इमारतीतल्या एका इंजिनीअर मुलाकडून पुन्हा तपासून घेतला आणि मगच इथे लिहिला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मला जे म्हणायचे आहे ते याच तपासून घेण्याबद्दल आहे.

शेपटीकडचा तो छोटा पंखा कशासाठी असतो, तेही मला या निमित्ताने कळले. वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा खालचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. त्याला आवरून धरण्याचे काम शेपटीचा पंखा करतो. दिसायला छोटा, पण तोच तुटला तर सगळेच गेले. शिवाय धातूची एक खोड असते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिले की कटकन तुटते. फिरत्या पात्याच्या मुळाशी मिनिटाला शेकडो वेळा असा ताण येतो आणि जातो. बारीक चीर आत कुठेतरी पडते, डोळ्यांना दिसत नाही, आणि एका फेऱ्याला पाते सुटते. म्हणून एकदा इंजिन चालले, दोनदा चालले, तर तिसऱ्यांदाही चालेलच असे यात धरून चालता येत नाही.

आमचे हे कामाला लागले तेव्हाची एक रीत सांगतात. ग्राइंडिंगचा नवा दगड मशीनवर चढवण्याआधी तो टांगून धरायचा आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकायचा. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. आणि चांगला म्हणून बसवल्यावरही पहिला मिनिटभर दगडासमोर उभे राहायचे नाही, बाजूला उभे राहायचे. ही रीत त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवली नाही. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या फिटरने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढले होते. त्या म्हाताऱ्याचेही शिक्षण बेताचेच होते.

मला वाटते, फुलसावंगीच्या त्या मुलाकडे बुद्धी होती, चिकाटी होती, हातात कला होती. दंड धरून बाजूला ओढणारा एक म्हातारा फिटर तेवढा नव्हता. "अरे, आज तू आत बसू नकोस. यंत्राला साखळदंडाने जमिनीशी बांध. तू पत्र्याच्या नाहीतर वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला उभा राहा, आणि तिथून दोरीने इंजिनाचा वेग वाढव. मोडायचे ते रिकामेच मोडू दे." एवढी चार वाक्ये कोणी बोलले असते, तर ते पाते तुटले तरी तो एक किरकोळ अपघात ठरला असता. यंत्र मोडले असते, मुन्ना दोन दिवस खट्टू झाला असता आणि तिसऱ्या दिवशी तुटलेले पाते हातात घेऊन बघत बसला असता.

किरकोळ अपघात ही वाईट गोष्ट नाही, हे माझे मत शाळेत असतानाच बनले. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलाने जुन्या मिक्सरच्या मोटरला पत्र्याची पाती लावून पंखा केला होता. प्रदर्शनाच्या दिवशी एक पाते उडाले आणि भिंतीवर आपटले. आमच्या शिपायाच्या मनगटाला जरासे खरचटले, बाकी कोणाला काही झाले नाही. पुढच्या वर्षीपासून शाळेत फतवा निघाला, प्रदर्शनात मोटर असलेली कोणतीही वस्तू चालणार नाही! मग काय, दरवर्षी थर्मोकोलचा ज्वालामुखी आणि पुठ्ठ्याची सूर्यमाला. कोणाला इजा नाही आणि कोणाला काही शिकायला मिळणेही नाही. आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी मात्र ते पाते फेकू दिले नाही. त्यांनी ते वर्गात नेले, भिंगातून मुलांना चीर कुठून सुरू झाली ते दाखवले, आणि पंख्याला जाळी का लावतात ते त्यावरून समजावले. त्या तासाला मी वर्गाच्या दारात उभी होते. इतकी शांतता मला कधी शुद्धलेखनाच्या तासाला मिळाली नाही.

म्हणजे किरकोळ अपघातानंतर दोन वाटा फुटतात. एक फतव्याची, दुसरी भिंगाची. आणि त्याहून वाईट अशी तिसरी वाटही असते. ती म्हणजे काही झालेच नाही असे समजून पुढे जायचे.

जगातल्या मोठ्या लोकांनी कोणती वाट धरली, ते पाहू. इगॉर सिकॉर्स्की हे आजच्या हेलिकॉप्टरच्या जनकांपैकी एक. तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, त्यांनी केलेले हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलेच नव्हते. त्यानंतर तीस वर्षांनी, १४ सप्टेंबर १९३९ रोजी, अमेरिकेत त्यांचे व्ही.एस. ३०० हे यंत्र पहिल्यांदा वर उठले, तेव्हा ते जमिनीशी बांधलेले होते. पन्नास वर्षांचा, विमाने बनवण्यात हयात गेलेला माणूस, पाठीशी मोठी कंपनी, आणि तरी यंत्राला दावे! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते यंत्र वाऱ्याच्या झोताने उलटले आणि मोडले. त्यांनी शेपटीची रचनाच बदलली, पुन्हा चाचण्या घेतल्या आणि १३ मे १९४० रोजी ते बांधल्याशिवाय मोकळे उडवले. डिसेंबरचा तो अपघात किरकोळ राहिला म्हणून मे महिना उजाडला, असे मला वाटते.

आमच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितो, "राइट बंधूंकडे तरी कुठे डिग्री होती?" खरे आहे, नव्हती. सायकलींचे दुकान होते. पण राइट बंधू एकटे नव्हते, हे आपण सोयीने विसरतो. एक तर ते दोघे होते आणि एकमेकांशी कडाकडा वाद घालत. विल्बर राइटने १८९९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उडण्याविषयी जे काही छापून आले आहे ते मागवले. १९०० पासून ऑक्टेव्ह शानूट नावाच्या वयोवृद्ध इंजिनीअरशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, तो पुढे वर्षानुवर्षे चालला आणि पत्रांची संख्या शेकड्यांत गेली. शानूट त्यांच्या चाचण्यांच्या जागी जाऊन राहिलेही होते. १९०१ मध्ये पंखांचे गणित जमेना, तेव्हा त्या भावांनी एक लांबट खोके करून त्यात वारा सोडला आणि छोट्या छोट्या पंखांची परीक्षा घेतली. मग १७ डिसेंबर १९०३ चा दिवस आला. डिग्री नव्हती, पण वही दाखवायला माणूस होता.

आणि रँचोबद्दलही बोलायलाच हवे. '३ इडियट्स' हा सिनेमा २००९ सालचा. त्यातला रँचो शाळा सुटलेला मुलगा नव्हता हो! तो देशातल्या नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजात पहिला येणारा विद्यार्थी होता, दोन जिवलग मित्र बरोबर होते, कॉलेजची साधने हाताशी होती. आपण खेड्यातल्या मुलाला रँचो म्हणतो, तेव्हा रँचोजवळचे काहीच त्याला देत नाही, फक्त नाव देतो. त्याला ते नाव आवडते, पेपरात फोटो येतो, गाव कौतुक करते, आणि मग त्याला थांबता येत नाही. ज्याच्या भोवती फक्त टाळ्या वाजतात, त्याने "आज नको, अजून तपासू" असे कोणाला सांगायचे?

'जुगाड' या शब्दाचे आपल्याला अलीकडे फार कौतुक झाले आहे. पाण्याच्या मोटरला सायकलची साखळी लावली, इथपर्यंत जुगाड छान. ती बिघडली तर मोटर बंद पडेल, एवढेच. पण जिथे बिघाड म्हणजे जीव, तिथे जुगाड हा शब्द उच्चारूही नये. चाकरमान्याच्या घरचा कुकरसुद्धा शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अशा दोन बंदोबस्तांनिशी येतो. एक चुकला तर दुसरा. आपण ते रोज बघतो आणि त्यामागचा विचार बघत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळते. "सरकारने असल्या प्रयोगांवर बंदी घालावी," असे ते म्हणतात. विमान बनवणे, उडवणे यावर कायद्याचे नियंत्रण आहेच. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. पण कायदा दिल्लीत आणि वेल्डिंगचे दुकान फुलसावंगीत. आपल्या मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधले, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडले, आणि त्याची नोंदणी हातात पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, तीही मुख्यमंत्र्यांपासून पंतप्रधानांपर्यंत विषय गेल्यावर. ते स्वतः वैमानिक, इंग्रजी येणारे, मुंबईत राहणारे. त्यांना एवढे खेटे घालावे लागले, तर आठवीतून शाळा सुटलेल्या मुलाने कोणत्या दारावर थाप मारायची? बंदी घातली की तो मुलगा प्रयोग सोडत नाही. रात्री करतो.

अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी हौशी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. तिच्यात एक पद्धत मला फार आवडली. जाणकार सभासद स्वयंसेवक म्हणून नवशिक्याच्या गॅरेजमध्ये जातात आणि सांगाड्यावर पत्रा किंवा कापड चढवण्याआधी जोड बघतात. एकदा झाकले की काही दिसत नाही, म्हणून आधी. ते परवानगी देणारे अधिकारी नसतात. शेजारी असतात. सरकारी तपासणी पुढे असतेच, पण त्याच्या आधी कोणीतरी आपले काम आपुलकीने पाहिलेले असते. गृहपाठाची वही वार्षिक परीक्षेच्या आधी तपासायची असते, नंतर नव्हे, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

हे सगळे परदेशातच होते असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती अशी कामे प्रत्यक्ष करत शिकतात. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने तिथे 'फॅब लॅब' उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांपैकी ती एक. आपल्या मराठी मुलखात, एका खेड्यात! डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. अशी एक जागा महागाव तालुक्यात असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण नवीन आश्रम उभारायची वाट तरी का पाहायची? आपल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्याला सरकारी आय.टी.आय. आहे. तिथे वेल्डिंग शिकवणारे निदेशक आहेत, फिटर आहेत, यंत्रे आहेत. महिन्यातून एक दिवस त्यांनी दार उघडे ठेवावे. गावातल्या कोणीही, शाळा शिकलेला असो वा नसो, आपण केलेली वस्तू घेऊन यावी, आणि जाणकाराने ती बघून सांगावे, हा जोड चांगला, हा कच्चा, याला जाळी लाव, याच्यावर आधी वाळूची पोती ठेवून बघ. फी नाही, सर्टिफिकेट नाही, हार-तुरे नाहीत. आणि हेलिकॉप्टरसारखे काही आले, तर सरळ सांगावे, "बाबा रे, हे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. तू यात बसू नकोस, मी तुला पुढच्या माणसाचा पत्ता देतो." नाही म्हणणाराही ओळखीचा आणि आपल्यातला असला की त्याचे ऐकले जाते.

यावर माझा एक भाचा म्हणाला, "मामी, असे तपासत बसलो तर कोणी काही नवे करणारच नाही. उत्साहच मरेल." मी त्याला म्हटले, "तुझ्या निबंधाची वही मी लालेलाल करून द्यायची. तू लिहायचे सोडलेस का?" तो हसला. लाल शाईने मुलाचा उत्साह मरत नाही, हे मी हजारो वह्यांच्या अनुभवावरून सांगते. उत्साह मरतो तो वही न बघताच खाली सही ठोकून दिली की. मुलाला लगेच कळते, बाईंनी वाचलेच नाही. ग्रुपवरचे ते दोन हात जोडलेले चित्र मला तशा न वाचता केलेल्या सहीसारखे वाटते.

आमच्याच घरात मोजले तर सात इंजिनीअर आहेत, नातेवाईक धरले तर पंधरा होतील. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत आणि आजूबाजूला वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, वेल्डर, सुपरवायझर किती असतील याची गणतीच नाही. बहुतेकांचे गुडघे दुखतात, पण डोळे आणि कान शाबूत आहेत. दगडाचा बद्द आवाज त्यांना अजून ओळखता येतो. हे ज्ञान कोणत्याही चित्रफितीत नाही आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत ते आमच्याबरोबर निघून जाईल.

तेव्हा ज्यांना सलाम पाठवायचा असेल त्यांनी जरूर पाठवावा, पण त्याखाली आपले नाव आणि आपल्याला काय तपासता येते तेही लिहावे. मी यादी करायला घेतली आहे. पहिले नाव आमच्या ह्यांचे. टर्निंग, ग्राइंडिंग, थोडेफार वेल्डिंग. रविवारी सकाळी दहा ते बारा, चहा आमच्याकडे. मुले कोणत्याही शाळेची चालतील, आणि शाळा सुटलेली असतील तर आधी येऊ द्या.